जाणारी आणि येणारी

ऑफिसातले लोक तिला पट्टेवाली म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, ही शिपाई असणार, आणि तो तिला बिनदिक्कत पाणी आणायला सांगायचा. मग बाकीचे तोंड दाबून हसायचे. तिचं काम पट्ट्यांचंच होतं, पण वाघाच्या. जंगलातल्या वाटांवर लावलेल्या कॅमेऱ्यांतून येणारे फोटो बघायचे आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून हा वाघ कोणता ते सांगायचं. सहा वर्षं ती हेच करत होती. पाणी मात्र तिने अजून कुणालाही आणून दिलं नव्हतं.

घरी ती ताई. धाकट्या बहिणीची ताई म्हणून सुरुवात झाली आणि पुढे पुढे आईसुद्धा तिला ताईच म्हणू लागली. धाकटीला सगळे चिंगी म्हणायचे. चिंगीची नोकरीही याच ऑफिसात होती, पण खुर्चीत ती कधी टेकली नाही. तिचं काम वाटांवरून फिरून वाघाची विष्ठा गोळा करायचं. प्रयोगशाळेत ती तपासली की वाघ नर की मादी, काल काय खाल्लं, कोण कुणाचं नात्यात लागतं, सगळं बाहेर येतं. "दोन मुली शिकवल्या," आई पाहुण्यांना सांगायची, "एक वाघाचे पट्टे बघते आणि दुसरी त्याची शी वेचते. शिक्षण अगदी सत्कारणी लागलं."

ताईचा एक गुण म्हणा, खोड म्हणा, लहानपणापासूनची होती. बस किती वाजता येईल, दूध नासलंय का, या गोळीने ताप उतरेल का, कुणी काहीही विचारावं आणि ताईने तिथल्या तिथे छातीठोक उत्तर द्यावं. चुकली तरी इतक्या ठामपणे चुकायची की समोरच्याला वाटायचं आपलंच घड्याळ मागे आहे. अशी माणसं घरात असली की बरं असतं, बाकीच्यांच्या डोक्याला ताप राहत नाही. चिंगीने तर विचार करण्याचं खातंच ताईकडे देऊन टाकलं होतं.

ऑफिस म्हणजे जंगलाच्या कडेला एक लांबट खोली. पुढच्या बाजूला लोखंडी शटर, आत चार टेबलं, एका टेबलावर ताईचे दोन मोठे पडदे. मागच्या दाराबाहेर तारेचं कुंपण, कुंपणाला छोटं फाटक, आणि त्या फाटकातून वाट सुरू व्हायची ती थेट वर तळ्यापर्यंत. पायी पंचवीस मिनिटांची चढण. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढं उंच गवत. त्या गवतात एक गंमत होती. वारा नसला की आवाज आत जायचा आणि परत यायचा नाही. फाटकातून हाक मारली तर दहा पावलांवरच्या माणसाला ती ऐकू आली की नाही, हे त्याचं तोंड बघितल्याशिवाय कळायचं नाही.

ताईला हे काम शिकवलं ते म्हाताऱ्या डॉक्टरांनी. चाळीस वर्षं वाघांत घालवलेला माणूस, एका कानाने ठार बहिरा. त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला होता. बर्फातला लांब केसांचा वाघ, बेटावरचा लहानखुरा आणि गडद, पट्टे अगदी दाट असलेला वाघ, खारट चिखलात पोहणारा वाघ, नदीकाठच्या बोरूत राहणारा वाघ, असे एकूण नऊ प्रकार. त्यातल्या तिघांवर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने काळी फुली मारली होती. ते आता कुठेच नाहीत. बोरूतल्यावर फुली मारायला मी दोन वर्षं थांबलो, असं ते सांगायचे. "वाघाला झाडांचं जंगलच लागतं असं नाही. पाणी, शिकार आणि लपायला जागा. लपायला जागा आहे ना, मग तो आहे असं धरून चालायचं. दिसला नाही म्हणजे नाही, हे आपलं गणित झालं. त्याचं नाही."

आणि एक नियम त्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितला होता. वाघाची डावी कूस आणि उजवी कूस सारखी नसते. एका बाजूचे पट्टे बघून दुसऱ्या बाजूचा अंदाज करता येत नाही, अगदी त्याच वाघाचा असला तरी. केस भादरले तरी खाली कातडीवर तीच नक्षी असते, इतकी ती पक्की, पण दोन बाजूंच्या दोन तऱ्हा. म्हणून प्रत्येक वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे हवेत. दोन्ही बाजू एकाच क्षणी मिळाल्या तर वाघ एक. एकच बाजू मिळाली तर ती तशीच एकटी ठेवायची. "मनाने लग्न लावून द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले होते.

तळ्याच्या वाटेवरच्या दोन कॅमेऱ्यांपैकी एकात पाणी गेलं त्याला तीन महिने झाले होते. नवा कॅमेरा मागवला होता. वर चढताना डाव्या हाताला लागणारा कॅमेरा तेवढा चालू होता. फाटकापासून चारशे पावलांवर तो झाडाला बांधला होता आणि फोनची रेंजही त्याच्यापर्यंतच होती, पुढे काही नाही. म्हणजे वर जाणाऱ्या प्रत्येकाची डावी बाजू दिसायची आणि खाली येणाऱ्याची उजवी. डॉक्टर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले, आणि नेमकी त्याच आठवड्यात एक वाघीण वाटेवर यायला लागली.

पहाटे साडेपाचच्या सुमारास वर जायची. डाव्या खांद्यावर एक पट्टा पुढे जाऊन दुभंगलेला, गलोलीसारखा. तासाभराने खाली यायची. उजव्या मांडीवर दोन पट्टे वर-खाली जुळून झालेलं एक लांबट वेटोळं, आत मोकळी जागा. वयाने कोवळी, दोन वर्षांच्या आसपास. उंची तीच, शेपटी तेवढीच, पोटाखालचा पांढरा रंगही तसाच. दहा दिवस ताईने दोन्ही बाजू वेगळ्या ठेवल्या. अकराव्या दिवशी तिला कंटाळा आला. वर गेलेली खाली येणार, यात अवघड ते काय? तिने दोन्ही बाजूंचं लग्न लावून दिलं, म्हणजे एकच नंबर दिला आणि पुढे लिहिलं, 'पहाटे तळ्यावर जाते, पाणी पिऊन परत येते.'

त्यातून एक सोयीची पद्धत पडली. रोज सकाळी चिंगी फाटकापाशी पिशवी अडकवून उभी राहायची आणि विचारायची, "ताई, वाट मोकळी?" ताई पडद्यावर बघायची. गलोल वर गेली, वेटोळं खाली आलं. "मोकळी. जा."

खटकण्यासारखं काहीच नव्हतं असं नाही. वर जाताना ती वाघीण कॅमेऱ्याकडे ढुंकूनही बघत नसे. मान खाली, कानांच्या मागच्या बाजूचे ते दोन पांढरे ठिपके तेवढे दिसायचे, मागे बघणाऱ्या डोळ्यांसारखे. खाली येताना मात्र ती थांबायची आणि सरळ भिंगात बघायची. रोज. ऑफिसचा जीपवाला म्हणायचा, जाताना लाजते आणि येताना दटावते. एकदा ती वर न जाताच दोनदा खाली आली. ताई म्हणाली, दुसरीकडून चढली असेल. एकदा वर गेली आणि अकरा मिनिटांत खाली आली. तळं पंचवीस मिनिटांवर. ताई म्हणाली, आज तहान नसेल.

मागच्याच आठवड्यात चिंगी परत आली ती जरा गप्प होती. तळ्याच्या अलीकडे विष्ठा मिळाली, ती ऊन होती, म्हणाली. हाताला कळत होतं. आणि वाघीण खाली उतरल्याला दोन तास होऊन गेले होते.

"उन्हात पडली असेल, तापली," ताई म्हणाली.

"ऊन कुठं होतं, ताई? धुकं होतं."

"मग दगड तापला असेल."

धुक्यात दगड कसा तापेल, हे चिंगीने विचारलं नाही. ती हसली आणि डबीवर चिठ्ठी चिकटवायला बसली. तिला ताईचं म्हणणं पटलं होतं असंही नाही. पण ताई म्हणते आहे म्हणजे काहीतरी असेल, इतकंच. हा विश्वास फार वाईट असतो. ज्याच्यावर ठेवला जातो, त्याला तो दिसतच नाही.

त्या दिवशी सकाळी आभाळ उतरून गवतावर टेकलं होतं. जीपवाला डॉक्टरांना आणायला गेला होता, त्यांची रजा संपली होती. ऑफिसात ताई एकटीच. पाच एक्केचाळीसला फोटो आला, गलोल वर गेली. सहा चोवीसला दुसरा, वेटोळं खाली, नजर भिंगात. पावणेसातला फाटक करकरलं.

"ताई, वाट मोकळी?"

"मोकळी. लवकर ये, डॉक्टर येतायत."

सहा बावन्नला पडद्यावर चिंगी आली. कॅमेऱ्यासमोरून जाताना जीभ काढायची तिची सवय होती, ती तिने आजही पाळली. ताईने तो फोटो पुसून टाकला. डॉक्टरांच्या डोळ्यांत नव्या काचा आल्या होत्या, सगळं दिसलं असतं.

सात वाजून पाच मिनिटांनी पडद्यावर आणखी दोन फोटो आले. त्यांच्यावरची वेळ पाच एक्केचाळीसची होती. यात नवल नव्हतं. कॅमेरा दर वेळी तीन फोटो काढायचा. पहिला लगेच यायचा आणि उरलेले रेंजच्या मर्जीप्रमाणे, कधी तासाने, कधी दुसऱ्या दिवशी. ताई ते बहुतेक वेळा उघडतही नसे, पहिल्यासारखेच असायचे. आज काम नव्हतं म्हणून उघडले.

पहिल्यात वाघीण थांबली होती. दुसऱ्यात ती वळली होती. कॅमेरा बांधलेल्या झाडाकडे पाठ करून, शेपूट उभं करून ती खुणेची धार सोडत होती आणि वळताना तिची उजवी बाजू सबंध भिंगासमोर आली होती. ताईने सवयीने मांडीवर नजर नेली. वेटोळं नव्हतं. तिथे चार सरळ पट्टे होते, शेजारी शेजारी, एकमेकांना कुठेच न मिळणारे.

तिने फोटो मोठा केला. मग लहान केला. मग खांदा बघितला, आधीच्या फोटोत गलोल होती. तीच वाघीण, तेच पाच एक्केचाळीस. मग सहा चोवीसचा फोटो शेजारी ठेवला. वेटोळं. ती दुसरी वाघीण होती.

दोघी होत्या. पहिल्या दिवसापासून दोघी होत्या. एकाच वेतातल्या, एकाच वयाच्या, आईला सोडून नुकत्याच निघालेल्या आणि अजून एकमेकींपासून न फुटलेल्या बहिणी. एकीला वाटेने चढून गवतातून उतरायची सवय, दुसरीला गवतातून चढून वाटेने उतरायची. कॅमेऱ्याकडे न बघणारी एक आणि बघणारी दुसरी. खाली आलेली ही वर गेलेली नव्हतीच. पाच एक्केचाळीसला गेलेली अजून वर होती, आणि ताईने स्वतःच्या तोंडाने धाकटीला तिच्याकडे पाठवलं होतं.

तिने फोन लावला. फोन रेंजबाहेर होता, तो असणारच होता. पुन्हा लावला. मग उठून मागच्या दारापाशी गेली आणि हाक मारली. हाक गवतात गेली आणि तिथेच राहिली. ती परत खुर्चीत येऊन बसली. दुसरं काय करणार? तिला जंगलाचं एवढंच माहीत होतं, जेवढं त्या पडद्यावर यायचं. ऊन असलेली ती विष्ठा तिला आता आठवली. चिंगीने ती हातात धरली तेव्हा जिची होती ती किती पावलांवर उभी असेल, याचा विचार तिने मुद्दाम केला नाही.

सात एकतीसला फोटो आला. चिंगी. डावी बाजू. म्हणजे वर चाललेली.

ताई बघत राहिली. सहा बावन्नला चिंगी वर गेली होती. खाली आलेली नव्हती. मग आता ती पुन्हा वर कशी जाईल? क्षणभर तिच्या डोक्यात एक फार विचित्र गोष्ट आली, की चिंग्याही दोन आहेत, आपण आजवर एकच धरत आलो, आणि खाली येणारी चिंगी आपण नीट पाहिलेलीच नाही. असं मनात येताच तिने तोंड पडद्याजवळ नेलं.

चिंगीने जीभ काढली नव्हती. तिचं तोंड चढाकडे होतं, पण एक हात मागे पसरलेला होता, अंधारात भिंत चाचपावी तसा. गुडघे किंचित वाकलेले. मागच्या पायाचं बोट आधी टेकलेलं आणि टाच अजून वर. ती वर जात नव्हती. ती खाली येत होती, उलट्या पावलांनी.

फोन वाजला.

"ताई." आवाज इतका बारीक होता की ताईने श्वास रोखला. "मोठ्याने बोलू नको. एक माझ्यासमोर आहे. वीस पावलं असेल. तळ्यापासून माझ्याबरोबर येतीय. मी थांबले की थांबते."

"चिंगे, ऐक..."

"तू म्हणाली होतीस खाली उतरली. मग ही कोण?"

"दोन आहेत," ताई म्हणाली. "दोन आहेत, चिंगे. मी चुकले. मी दोघींना एक धरलं."

चिंगी रडली नाही, ओरडली नाही. वाटेवरचं काम तिला कळत होतं. वाघ मागून येतो, पाठ दिसली की येतो, म्हणून ती त्याला पाठ दाखवत नव्हती. पण आता तिला हेही कळलं होतं की तिच्या पाठीशी चारशे पावलं वाट आहे आणि त्या वाटेने सहा चोवीसला कुणीतरी खाली गेलं आहे.

"म्हणजे जी खाली आली, ती माझ्या मागे आहे," चिंगी म्हणाली. "कुठंय ती?"

इतके दिवस ताईने लिहिलं होतं, 'खाली आली.' खाली येऊन ती पुढे कुठे जाते, हे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं आणि तिलाही कुणी विचारलं नव्हतं. कॅमेऱ्यापासून कुंपणापर्यंत चारशे पावलं गवत होतं. लपायला जागा होती.

"ताई, सांग ना. मी कुठं बघू?"

"वरच बघ," ताई म्हणाली. "नजर काढू नको. मागचं मी बघते. मी येते."

शटर ओढायची लोखंडी सळई तिने कोपऱ्यातून उचलली. का उचलली, तिलाच माहीत नव्हतं. फाटक उघडलं आणि ती वाटेवर आली. सहा वर्षांत या वाटेवर ती दोनदा चालली होती, दोन्ही वेळा डॉक्टरांच्या मागून, तेही बडबड करत. आज गवत तिच्या दोन्ही खांद्यांना लागत होतं. पडद्यावर वाट सरळ दिसायची, इथे ती दर पंधरा पावलांवर वळत होती आणि वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. दवाने पाय भिजले. कुठे पाखरू बोलत नव्हतं. फोन कानाला होता आणि त्यातून चिंगीची पावलं ऐकू येत होती, एक, मग थोडं थांबून दुसरं. ताईला वाटत होतं धावावं, पण धावायचं नसतं एवढं तिला ठाऊक होतं. एकदा डावीकडे गवत हललं. ती थांबली, तेही थांबलं. ती निघाली, पण पुढे काही ऐकायची तिची हिंमत झाली नाही.

दोनशेएक पावलांनंतरच्या वळणावर तिला चिंगीची पाठ दिसली. निळी पिशवी, सुटलेली वेणी, मागे पसरलेला हात.

"मी आहे," ताई हळूच म्हणाली. "हात लावतीय."

तिने तो हात धरला. तो बर्फासारखा गार होता. ताईने मान उंचावून बहिणीच्या खांद्यावरून वर बघितलं. वाटेवर, धुक्यात, एक डोकं होतं. खाली घातलेलं, अजिबात न हलणारं. मग ताई वळली आणि तिने आपली पाठ चिंगीच्या पाठीला टेकवली.

"खाली काही दिसतंय?" चिंगीने विचारलं.

ताई जी वाट आत्ताच चालून आली होती, तिच्याकडे तिने बघितलं. तिची पावलं चिखलात उमटली होती. आणि वळणावर, त्या पावलांवरच, दुसरी उभी होती.

ताईने हजारो वाघ बघितले होते आणि एकही बघितला नव्हता. समोरून बघणाऱ्या वाघाला ना डावी बाजू असते ना उजवी. ना गलोल, ना वेटोळं. नुसता चेहरा होता आणि तो तिच्याकडे बघत होता. तेवढ्यात तिला ती नजर ओळखू आली. रोज भिंगात बघणारी तीच. रोज सकाळी ताईने तिच्याकडे बघून वाट मोकळी असल्याचं सांगितलं होतं.

"दिसतंय," ताई म्हणाली. "माझ्या मागोमाग आलीय."

मग खालच्या वाघिणीने आवाज केला. ती गुरगुर नव्हती, डरकाळी तर नव्हतीच. नाकातून हवा फुरफुरत सोडावी तसा, मऊ, जवळजवळ मायेचा. लगेच वरून तसंच उत्तर आलं, त्यांच्या डोक्यांवरून, दोघी तिथे नसल्यासारखं.

"आपल्याशी नाही बोलत," चिंगी कुजबुजली. "एकमेकींना बोलावतायत. आपण मधे उभ्या आहोत, ताई. म्हणून ती वरची माझ्याबरोबर उतरत होती. तिला खाली यायचंय."

"मग?"

"वाट सोडायची. गवतात. बसायचं नाही, वाकायचं नाही. वाकलं की आपण हरणाएवढ्या होतो."

गवतात. जिथे हातभर पुढचं दिसत नाही तिथे. ताईला एरवी यावर दहा मुद्दे सुचले असते. आज तिने मान हलवली आणि बहिणीने ओढलं तिकडे गेली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. गवत त्यांच्यापुढे मिटलं. दोघी खांद्याला खांदा लावून ताठ उभ्या राहिल्या. चिंगीने ताईच्या हातातली सळई काढून पायाशी टेकवली.

आधी वास आला, ओल्या कातड्याचा आणि कशाचा तरी उकडलेल्या भातासारखा गोडसर. मग गवताच्या फटींतून पिवळं काहीतरी सरकायला लागलं. खालची वर चालली होती. तिची डावी बाजू ताईच्या चेहऱ्यापासून हात लांबवला तर लागेल इतकी जवळून गेली, पट्ट्यामागून पट्टा, आणि ही बाजू तिने आजवर एकाही फोटोत बघितली नव्हती. एकही पट्टा ओळखीचा नव्हता. पायांचा आवाज येत नव्हता, एवढं मोठं जनावर आणि आवाज नाही. नंतर वरच्या अंगाने दुसरी आली. पुन्हा ती फुरफुर, दोन्हीकडून, एकात एक मिसळलेली. डोक्याला डोकं घासल्याचा आवाज आला, पोतं जमिनीवर ओढावं तसा. ताईला वाटलं आपल्याला हुंदका येणार. तो भीतीचाच होता, पण निव्वळ भीतीचा नव्हता.

मग सगळं थांबलं. वाटेवर कुणी चालत होतं का, गवतात शिरलं होतं का, काही कळेना. मग खालून थोडा वारा सुटला. त्याबरोबर ऑफिसातला फोन वाजताना ऐकू आला. दुसऱ्या कुठल्यातरी वाटेवरच्या माणसाला निघायचं असेल, त्याला विचारायचं असेल. फोन पुष्कळ वेळ वाजला आणि बंद झाला. कुणी उचलला नाही, हे किती बरं झालं, असं ताईला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

चिंगीने तोंड तिच्या कानाशी आणलं. "गेल्या का गं?"

उत्तर ताईच्या जिभेवर तयार होतं. गेल्या, चल. असल्या प्रश्नाला ती जन्मभर हेच उत्तर देत आली होती आणि आता तर तिला स्वतःलाच ते ऐकायचं होतं. बहिणीचे डोळे तिच्या तोंडावर खिळले होते. ताई काहीही बोलली असती तरी तिने ते खरं मानलं असतं, अजूनही, आज एवढं होऊनही.

"मला माहीत नाही, चिंगे," ती म्हणाली.

चिंगीची बोटं ताईच्या बोटांत घट्ट रुतली.

"मग थांबू," ती म्हणाली.

दोघी थांबल्या.